सव्वीस जणांची दुपार

मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलात की समोर ताज हॉटेल दिसतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते बाहेरूनच पाहिलं असेल. १९८७ च्या मार्च महिन्यात मात्र काही तरुण मुलं मुलाखतीसाठी आत गेली. आजचा विषय ऑपेरा हाउसची लूट आणि तिच्यावरचे सिनेमे असा आहे. पण मला बोलायचंय ते या मुलांबद्दल.

आधी घटना सांगतो. १७ मार्चला एका मोठ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात आली: गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी पाहिजेत, उमेदवार पदवीधर हवा. सिंग असं आडनाव सांगणाऱ्या एका माणसाने ताजमध्ये मुलाखती घेतल्या आणि सव्वीस जण निवडले. १९ तारखेला त्यांना बसमध्ये बसवून ऑपेरा हाउसच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेलं. सरावासाठी छापा घालायचाय, असं त्यांना सांगितलेलं. पेढीवाल्यांना मात्र झडतीचं वॉरंट दाखवलं. साहेबांनी कॅमेरे बंद करायला लावले, फोनला हात लावू दिला नाही. नमुने म्हणून दागिने पिशव्यांत भरून सील केले. पाऊण तासात काम उरकलं. 'तुम्ही इथं लक्ष ठेवा, मी आलोच' म्हणून साहेब गेले ते गेलेच. बरोबर तीस-पस्तीस लाखांचा माल. तो माणूस आजतागायत सापडलेला नाही.

पोलीस आले तेव्हा पेढीवर होते ते हे सव्वीस जण. साहेबांची वाट बघत.

आता प्रश्न असा की हे जमलं कसं? दोन गोष्टी लक्षात घ्या. १९८५-८६ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना देशभर आयकराचे छापे गाजत होते. दारात अधिकारी उभे राहिले तर व्यापाऱ्याला धडकी भरायची, शंका यायची नाही. दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले. त्यातले किती तरी आपल्या कोकणातले. माणगाव, महाड, श्रीवर्धनकडच्या घरांत येणारी मनिऑर्डर थांबली. बाप घरी बसलाय आणि मुलगा पदवी घेऊन जाहिराती चाळतोय, असा तो काळ. त्या सव्वीसांत कोकणातला कोणी होता, असं मी म्हणत नाही. पण सरकारी नोकरी या दोन शब्दांचं वजन काय होतं, ते इथं बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. सिंगने मालकाची भीती वापरली आणि मुलांची गरज वापरली. पिस्तूल काढावंच लागलं नाही.

मग सिनेमा आला. ८ फेब्रुवारी २०१३, नीरज पांडे यांचा 'स्पेशल छब्बीस'. उत्तम बांधलेला सिनेमा आहे, मला आवडतो. पण गंमत बघा. नाव सव्वीसांवरून आणि गोष्ट चौघा भामट्यांची. एकट्या माणसाच्या जागी टोळी आली, नायकाला प्रेमप्रकरण मिळालं, मागावर मनोज बाजपेयींचा अधिकारी आला. शेवटी आपण टाळ्या वाजवतो त्या चोराच्या डोक्यासाठी.

२०१८ साली याच गोष्टीवर तमिळमध्ये विघ्नेश शिवन यांनी सूर्याला घेऊन 'ताना सेर्न्द कूट्टम' केला. नावाचा अर्थ साधारण 'आपोआप जमलेली माणसं'. इथं बेकारी मध्यभागी आली. लाच देता येत नाही म्हणून पोलिसातली नोकरी हुकते आणि नायकाचा मित्र जीव देतो. हे पुढचं पाऊल आहे, मी मान्य करतो. पण बेकारीचं दुःख कोणाच्या पदरात टाकलं? तर लुटणाऱ्याच्या. खऱ्या घटनेत ते दुःख फसलेल्यांचं होतं. लुटणाऱ्याने त्याचाच उपयोग करून घेतला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९६३ मध्ये इंग्लंडात टपालगाडी लुटली, तेव्हा इंजिनचालक जॅक मिल्स यांच्या डोक्यात घाव घातला गेला. १९८८ मध्ये त्या टोळीतल्या एकावर 'बस्टर' हा सिनेमा निघाला. त्यात दरोडेखोर मोठा लाघवी माणूस झाला.

सिनेमावाल्यांनी खोटं रचलं, ही माझी तक्रार नाही. रचणं हेच त्यांचं काम. आपण इतिहासाचे विद्यार्थी मात्र सिनेमा बघून उठतो आणि तोच इतिहास समजतो. चोराचं नाव खोटं होतं, तरी ते नोंदलं गेलं. मुलांची नावं खरी होती, आणि त्यांचा उरला फक्त आकडा. पुढच्या वेळी गेटवेला उतरलात की ताजकडे बघताना एवढं आठवा: आत गेलेल्या त्या मुलांनी अर्ज खरे केले होते.