निवृत्तीनंतरचा छंद : स्क्रोल सॉवरील जाळीकाम

नोकरीतून निवृत्त झाल्यानंतरचे पहिले काही महिने प्रवास, लग्नकार्ये आणि राहून गेलेली घरातील कामे यांत निघून जातात. त्यानंतर मात्र दिवस मोठा वाटू लागतो. वाचन आणि फिरणे यांच्या जोडीला हातांना गुंतवून ठेवणारे काही काम असावे, असे अनेकांना वाटते. पण सुतारकाम म्हटले की जड हत्यारे, मोठी जागा आणि अंगमेहनत डोळ्यांसमोर येते. स्क्रोल सॉ या यंत्रावर केले जाणारे लाकडातील जाळीकाम मात्र याला अपवाद आहे. एका टेबलाएवढ्या जागेत, बसून करता येणारे हे काम ताकदीपेक्षा सबुरी मागते. घाई करणाऱ्याला यात यश येत नाही. निवृत्त माणसाला हा छंद मानवतो तो याच कारणाने.

यंत्र आणि त्याची परंपरा

स्क्रोल सॉ म्हणजे शिलाई मशीनच्या सुईप्रमाणे वर-खाली चालणारी बारीक करवत. पाते जागेवरच चालते आणि लाकूड हाताने त्याभोवती फिरवायचे असते. नेहमीच्या पात्याची लांबी ५ इंच असते. पाते आणि यंत्राची मागची बाजू यांत सुमारे १६ इंच अंतर असलेले यंत्र घरगुती कामाला पुरते. अशी यंत्रे साधारणपणे ५ सेंटिमीटर जाडीपर्यंतचे लाकूड कापतात. पात्याचा वेग मिनिटाला सुमारे ४०० ते १६०० फेऱ्यांच्या दरम्यान कमी-जास्त करता येणारे यंत्र घेणे श्रेयस्कर.

या कलेचे मूळ युरोपात आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातील कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२-१७३२) याने कासवाचे कवच आणि पितळ यांच्या नाजूक जडावकामाने फर्निचर सजवले. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात लाकडी फळीवर चिकटवलेले नकाशे करवतीने कापून मुलांसाठी कोडी तयार केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालवायची यंत्रे आली आणि इंग्लंड-अमेरिकेत जाळीकाम हा घरोघरीचा छंद बनला.

पाते हेच खरे हत्यार

नवशिक्याचा बहुतेक त्रास यंत्रामुळे नसून पात्यामुळे होतो. पात्यांना क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितके पाते रुंद आणि त्याचे दाते मोठे. बारीक नक्षीसाठी १ किंवा २, तर साधारण जाडीच्या लाकडासाठी ५ क्रमांकाचे पाते सोयीचे. दात्यांची टोके खाली वळलेली असावीत. पाते पुरेसे ताणलेले असले पाहिजे. बोटाने छेडल्यास तारेसारखा स्वच्छ आवाज यावा. ढिले पाते वाकते आणि रेघ सोडते.

पाते थोड्या वेळातच बोथट होते. लाकूड पुढे ढकलावे लागत असेल किंवा कापाची कड काळी पडत असेल, तर ते बदलावे. जुन्याच पात्यावर काम रेटण्यात बचत नाही. लाकूड मात्र वाया जाते.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या कामासाठी ६ मिलिमीटर जाडीचे चांगल्या प्रतीचे प्लायवूड पुरे. नक्षी कागदावर काढून ती लाकडावर चिकटवावी. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावल्यास कड जळण्याचे प्रमाण कमी होते. आतला भाग कापताना त्या जागी ड्रिलने बारीक भोक पाडावे, पात्याचे वरचे टोक सोडवून भोकातून ओवावे आणि पुन्हा ताणावे. आतले सर्व काप आधी, बाहेरची कड शेवटी, असा क्रम ठेवल्यास फळी अखेरपर्यंत मजबूत राहते.

पहिले काही तास नक्षी न करता केवळ सरळ रेघ, वळण आणि कोपरा यांचा सराव करावा. अनेक पाती किंचित एका बाजूला ओढतात. लाकूड थोडे तिरके धरून चालण्याची सवय हाताला याच सरावात लागते.

हात बसल्यावर साग, शिवण अशा लाकडांकडे वळता येते. साग दिसायला देखणा असला, तरी त्यातील सिलिकामुळे पाती लवकर बोथट होतात. पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी किंवा जवळच्या सुताराकडे उरलेले तुकडे मिळू शकतात. या कामाला मोठी फळी लागतच नाही.

घराच्या दारावरची नावाची पाटी हे मराठी घरासाठी उत्तम पहिले काम. देवनागरी लिपी इथे मदतीला येते. शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द एका तुकड्यात कापता येतो; रोमन अक्षरे सुटी होतात. मात्र अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेला बारीक पट्टीने जोडून ठेवावा लागतो. पुढे नातवंडांसाठी कोडी, दिवाळीचा आकाशकंदील किंवा गणपतीचे मखर करता येते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यानंतर, दरवर्षी सुटे करून ठेवता येणाऱ्या लाकडी मखराची उपयुक्तता वाढली आहे.

खरा धोका भुशाचा

इतर विद्युत करवतींच्या तुलनेत हे यंत्र सौम्य आहे. तरीही बोट पात्याच्या रेषेत ठेवू नये. लाकूड घट्ट न दाबल्यास ते पात्याबरोबर उसळते. संरक्षक चष्मा आवश्यक. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते भुशाकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची गणना माणसात कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केली. हा निष्कर्ष प्रामुख्याने व्यवसायात वर्षानुवर्षे भुशात काम करणाऱ्यांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. तथापि दमा असलेल्यांनी आणि साठीपुढील सर्वांनीच सावध राहावे. यंत्रावरची हवेची नळी रेघेवरचा भुसा उडवते, पण तो खोलीतच राहतो. म्हणून बाल्कनी किंवा उघडी खिडकी, एन-९५ मास्क आणि शक्य तर भुसा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर हवा. एमडीएफचा भुसा अतिशय बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो; बंद खोलीत तो कापू नये.

खरेदीपूर्वी

परदेशातील मुलांकडून यंत्र मागवण्याचा मोह होतो. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे काही मोटारी मंद चालतात व तापतात. यंत्रावरील पट्टी वाचूनच निर्णय घ्यावा. पाती येथे मिळतील का, हेही आधी पाहावे.

यंत्र जड टेबलाला बोल्टने बसवून खाली रबर घातल्यास कंपने आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी दोन्ही कमी होतात. दर अर्ध्या तासाने उठावे, बोटे मोकळी करावीत.

हातात धरायची जाळीकामाची साधी करवत यंत्राच्या मानाने फारच स्वस्त असते. निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे असतानाच तिच्यावर हात चालवून पाहावा. तासभर एका नक्षीवर रमता आले, तरच यंत्रावर खर्च करावा. तोवर हाताला वळण लागलेले असते आणि निवृत्तीचा पहिला मोकळा दिवस उजाडतो तेव्हा टेबलावर एखादे अर्धे झालेले काम वाट पाहत असते.