नटीची लेखणी

मराठी रंगभूमीवर स्त्रीचा शब्द आणि स्त्रीचा स्वर यांचा संगम होण्यास दीर्घ काळ लागला. सावंतवाडीच्या हिराबाई पेडणेकर यांचे ‘दामिनी’ १९१२ मध्ये ‘ललितकलादर्श’ने रंगभूमीवर आणले, परंतु त्या काळी अशा मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. लेखिका लाभली, नटी नव्हती. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात गोमंतकातील बांदिवडे येथे जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे यांनी बिंबाची भूमिका केली. १९४२ मध्ये रांगणेकरांच्या ‘कुलवधू’तील भानुमती त्यांनी गाजविली. तथापि ही दोन्ही नाटके पुरुषांनीच लिहिलेली होती. पुढे ‘आराधना’ हे नाटक स्वतः लिहून ज्योत्स्नाबाईंनी ती उणीव भरून काढली. त्यांच्या गायनाचा गौरव पुष्कळ झाला. नाट्येतिहासाने त्यांच्या लेखणीचीही नोंद तितक्याच आदराने घ्यावयास हवी.