चादरीच्या कोपऱ्याखालचा पिवळा त्रिकोण

काविळीच्या माणसाला सारे जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो ते समोरच्याच्या नजरेवर अविश्वास दाखवण्यासाठी. नवजात बाळांच्या काविळीवर आज जगभर जो उपचार होतो, त्याच्या शोधाची हकीगत वाचताना ही म्हण मला उलटी झालेली दिसली. तेथे पिवळेपणा अचूक टिपणारी एक व्यक्ती होती, आणि तिच्या नजरेवर विश्वास ठेवायला मात्र कोणी चटकन तयार नव्हते.

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक बाळे थोडीफार पिवळी पडतात. तांबड्या रक्तपेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. त्याला पाण्यात विरघळण्याजोगे करून शरीराबाहेर घालवणे हे यकृताचे काम. पण नवजात बाळाचे यकृत त्या कामाला पुरते सरावलेले नसते. बहुतेक बाळांचा पिवळेपणा आपोआप ओसरतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत किंवा आई-बाळाचे रक्तगट न जुळल्यास मात्र बिलिरुबिन फार वाढते आणि मेंदूत उतरते. त्यातून मृत्यू ओढवतो, किंवा बहिरेपणा आणि हातापायांच्या हालचालींवरचा ताबा जाणे असे जन्मभराचे अपंगत्व येते. १९४० च्या दशकात यावर एक उपाय रूढ झाला. नाळेच्या शिरेतून थोडे थोडे रक्त काढायचे आणि तितकेच दात्याचे रक्त आत सोडायचे. असे करत बाळाच्या शरीरातील रक्ताच्या साधारण दुप्पट रक्त बदलले जाई. या रक्तबदलाने असंख्य जीव वाचवले, पण तो करताना काही जीव गेलेही.

१९५६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर जे. वॉर्ड यांच्याकडे होता. मोकळी हवा आणि ऊन यांवर त्यांची श्रद्धा होती. हवा चांगली असली की त्या नाजूक बाळांना अंगणात नेत आणि डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत परत आणून ठेवीत. एके दिवशी फेरीच्या वेळी त्यांनी संकोचतच एका उघड्या बाळाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले. बाळ फिकट पिवळे होते. फक्त पोटावर एक गडद पिवळा त्रिकोण होता. डॉ. आर. एच. डॉब्स यांनी विचारले, येथे काय फासले आहे, आयोडीन? काहीच फासलेले नव्हते. उन्हामुळे झाले असावे, असे सिस्टर म्हणाल्या, तेव्हा डॉब्स यांना वाटले की त्या ऊन लागून कातडी काळवंडण्याविषयी बोलत आहेत. मग त्यांना अवघडत खुलासा करावा लागला: त्रिकोण गडद झालेला नाही. तेथे चादरीचा कोपरा होता. बाळाचे बाकीचे अंगच फिकट झाले आहे.

डॉक्टरांनी विषय तेथेच सोडला. बाळ बरे होऊन घरी गेले.

पुढे काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत एक गंमत झाली. काविळीच्या एका बाळाच्या रक्तात बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले. चौकशीअंती कळले की रक्ताची नळी काही काळ खिडकीत उन्हात राहिली होती. ताज्या नमुन्यात मात्र आकडा चढाच होता. आता त्या त्रिकोणाची आठवण झाली! परिचारिकेच्या डोळ्यांनी जे सांगितले होते, तेच काचेच्या नळीने सांगितल्यावर ते संशोधनाला पात्र ठरले. माझा हा शेरा किंचित अन्यायाचा आहे, हे मान्य. एका बाळाच्या पोटावरच्या डागावरून उपचार ठरवायचा नसतो आणि आकड्यांखेरीज पुढे जाताही आले नसते. पण प्रश्न कोणी विचारला, हेही इतिहासाने नोंदवायला हवे.

ऊन हुकमी नसते, इंग्लंडमध्ये तर नाहीच. म्हणून निळा प्रकाश देणाऱ्या नळ्या बसवून एक पाळणा तयार करण्यात आला. मे १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या प्रयोगांवरचा निबंध आला, लेखक होते आर. जे. क्रेमर, पी. डब्ल्यू. पेरिमन आणि डी. एच. रिचर्ड्‌स. शास्त्रीय निबंधाची भाषा कर्मणी प्रयोगाची असते. निरीक्षण ‘करण्यात येते’, आणि करणारा वाक्यातून सहज निसटतो. मी वर सांगितलेला प्रसंग संवादांसह, स्वतःच्या अविश्वासासकट लिहून ठेवला तो डॉब्स आणि क्रेमर यांनीच, १९७५ साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी. त्यांनी तो लिहिला नसता तर सिस्टर वॉर्ड आज आपल्याला ठाऊक असत्या का, याची शंकाच आहे. स्वतःच्या चुकीची नोंद करण्याचा हा मोठेपणा मला मूळ शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेने या उपचाराला गांभीर्याने घेतले ते आणखी उशिरा. १९६८ मध्ये जेरल्ड ल्यूसी आणि सहकाऱ्यांनी व्हर्माँटमधील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यानंतर तेथे निळे दिवे पसरले. या दहा वर्षांच्या रेंगाळण्याला निव्वळ अहंकार म्हणणे सोपे आहे. पण अतिरिक्त प्राणवायूमुळे अपुऱ्या दिवसांची हजारो बाळे आंधळी झाल्याचे त्या पिढीने पाहिले होते. १९५६ मध्येच विल्यम सिल्व्हरमन यांच्या चाचणीत दिसले होते की, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या सल्फा औषधाने उलट बिलिरुबिन मेंदूत जाऊन बाळे दगावत होती. निरुपद्रवी दिसणाऱ्या उपायाची त्यांना धास्ती वाटली तर नवल नाही.

प्रकाश नेमके काय करतो, याचा उलगडा १९७० च्या दशकापासून अँटनी मॅकडोनाग आदींच्या कामातून होत गेला. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषून बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलते. बदललेला रेणू यकृताने विरघळण्याजोगा न करताही पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडू शकतो.

आपल्याकडे आजही कोणी ‘बाळाला पेटीत ठेवले आहे’ म्हणतो तेव्हा बरेचदा हाच निळा उजेड अभिप्रेत असतो. आता तो बहुधा एलईडी दिव्यांचा असतो. सिस्टर वॉर्ड यांचे ऊन मात्र उपचारातून बाद झाले. कोवळ्या उन्हात बाळाला धरणे ही आपल्या घरांतली जुनी रीत असली, तरी वाढत्या काविळीत डॉक्टर तिच्यावर विसंबू देत नाहीत, कारण उन्हाबरोबर अतिनील किरण येतात आणि उष्णताही. अपवाद नायजेरियातला. तेथील लागोस शहरात हे घातक किरण गाळणारे पडदे लावून, त्याखाली बाळांना उन्हात ठेवण्याची चाचणी झाली. हा मार्ग नेहमीच्या दिव्यांपेक्षा कमी परिणामकारक नसल्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वीज बेभरवशाची असेल तेथे याचे मोल मोठे.

दिव्याखाली ठेवलेल्या बाळाची कावीळ कातडीच्या रंगावरून जोखू नये, असे आज डॉक्टर आणि परिचारिकांना शिकवले जाते. उजेडाने कातडी आधी फिकी होते, रक्तातले बिलिरुबिन तेवढे उतरलेले नसते. डोळ्यांवरची पट्टी काढली की तिच्याखालची कातडी मात्र तशीच पिवळी दिसते.