कंपोनंट म्हणजे काय? आपल्या शहराच्या नावावरून समजून घ्या

2023 मध्ये औरंगाबादचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या नावापुरत्याच आखलेल्या चौकटीत हे मावणार कसं? तिकिटाच्या ॲपमध्ये नुसतं ‘छत्रपती…’ दिसलं, तर पुढे संभाजीनगर आहे की मुंबईचं शिवाजी महाराज टर्मिनस, कळणारच नाही.

ही चौकट म्हणजे एक कंपोनंट. फ्लटरमध्ये त्याला विजेट म्हणतात. कोड एकदाच लिहायचा आणि सर्च, तिकीट, हिस्ट्री अशा सगळ्या स्क्रीनवर तोच वापरायचा. नाव तेवढं बाहेरून द्यायचं. ‘मावत नसेल तर दुसऱ्या ओळीवर जा’ हे त्यात एकदा लिहिलं, की सगळीकडे नाव पूर्ण दिसतं. मी तर नवीन कंपोनंट आधी याच नावाने तपासतो. कोड प्रत्येक स्क्रीनवर कॉपी-पेस्ट केलेला असेल, तर मात्र बसा एकेक जागा शोधत!