नातूंची राजनिष्ठा

खडकीच्या लढाईनंतर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढवणारे बाळाजीपंत नातू हे पुण्याचा ब्रिटिश रेसिडेंट एल्फिन्स्टन याच्या विश्वासातले होते, आणि या सेवेबद्दल त्यांना इनाम, म्हणजे वंशपरंपरेने उपभोगायचे जमिनीचे उत्पन्न, मिळाले. आयर्लंडमधील जमीनदार ब्रिटनशी एकीचे राजकारण करीत, त्यात जमिनी राखण्याचा भाग मोठा होता. नातूंचा हिशेबही फारसा निराळा नसावा. पुढे २२ जून १८९७ रोजी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेल्यावर त्याच घराण्यातील बाळासाहेब व तात्यासाहेब या सरदार बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, म्हणजे खटल्यावाचून स्थानबद्धतेची मुभा देणाऱ्या कायद्याखाली, पकडण्यात आले. हे रेग्युलेशन झाले तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच होता.