ढेकूण

ढेकूण हा माणसाच्या रक्तावर जगणारा, पंख नसलेला, निशाचर कीटक आहे. तो अर्धपंखी गणातील सायमिसिडी कुलात मोडतो. भारतासारख्या उष्ण प्रदेशात सायमेक्स हेमिप्टेरस ही जाती, तर समशीतोष्ण प्रदेशात सायमेक्स लेक्ट्युलेरियस ही जाती प्रामुख्याने आढळते.

वर्णन व जीवनक्रम

पूर्ण वाढलेला ढेकूण तांबूस तपकिरी, चपटा आणि सुमारे ५ मिमी लांब असतो. रक्त प्यायल्यावर तो फुगून गडद लाल दिसतो. मादी फटींत पांढुरकी, चिकट अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी त्याला रक्ताची गरज असते. अन्नाविना ढेकूण काही महिने तग धरतो. त्यामुळे घर काही आठवडे बंद ठेवल्याने त्याचा नायनाट होत नाही.

वास्तव्य व खुणा

दिवसा ढेकूण पलंगाचे सांधे, गादीची शिवण, भिंतीच्या भेगा, चौकटी आणि विजेच्या बटणांच्या पेट्यांमागे दडून बसतो. चादरीवरील रक्ताचे व विष्ठेचे काळपट ठिपके, टाकलेली कात आणि उग्र दर्प या त्याच्या खुणा होत. दंशामुळे खाज, पुरळ व निद्रानाश होतो. मात्र ढेकणामुळे माणसात रोग पसरतो, हे सिद्ध झालेले नाही.

वसई-विरार परिसर

पालघर जिल्ह्यातील वसई, नालासोपारा व विरार येथील चाळी आणि दाट वस्तीच्या इमारतींमध्ये शेजारच्या घरांची भिंत एकच असते. अशा ठिकाणी ढेकूण भेगांतून व नळांच्या वाटेने एका घरातून दुसऱ्या घरात जातो. जुने फर्निचर, गाद्या व प्रवासाचे सामान यांतूनही तो येतो. पावसाळ्यात अंथरूण उन्हात घालता येत नाही. त्यामुळे एकाच घरात केलेली फवारणी पुरेशी ठरत नाही. लगतच्या घरांचीही पाहणी करावी लागते.

नियंत्रण

खाट उन्हात ठेवून तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे हा पारंपरिक उपाय आहे. नुसत्या उन्हात ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. सुमारे ५०° सेल्सियस किंवा त्याहून अधिक उष्णता पुरेसा वेळ मिळाल्यास तो व त्याची अंडी मरतात. कपडे गरम पाण्यात धुणे, सांध्यांना वाफ देणे आणि भेगा बुजवणे उपयुक्त असते. फटींत रॉकेल ओतण्याच्या जुन्या प्रथेत आगीचा धोका असतो. डीडीटीला व पुढे पायरेथ्रॉइड कीटकनाशकांनाही ढेकणांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण झाली आहे. फवारणीतून अंडी वाचत असल्याने सुमारे दोन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

विषबाधेचा धोका

धान्य टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवणे प्राणघातक आहे. हवेतील ओलाव्यामुळे त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो फटींतून शेजारच्या घरातही पोहोचतो. उलट्या, चक्कर व श्वास लागणे ही सुरुवातीची लक्षणे अन्नातून झालेल्या विषबाधेसारखी भासतात. यावर उतारा उपलब्ध नाही. रुग्णाला मोकळ्या हवेत नेऊन तातडीने रुग्णालयात दाखल करणे आवश्यक असते. भारतात कीटकनाशकांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, १९६८ नुसार होते आणि या गोळ्यांचा वापर मान्यताप्राप्त तज्ज्ञांपुरता मर्यादित आहे.

संस्कृतीत

ढेकणाच्या रक्ताने हिरा भंगतो, अशी जुनी समजूत आहे. मराठी संतकाव्यात कुसंगतीचा दृष्टान्त म्हणून तिचा उल्लेख येतो.