तुणतुण्याचा सूर

‘पुन्हा तेच तुणतुणे नको’ असे आपण वर्गात, घरात, सभेत सहज म्हणून जातो. एकच एक गोष्ट उगाळणाऱ्या माणसाला मराठीने या वाद्याची उपमा दिली, आणि वाद्य मात्र पाहिलेले नसते. उपमेतली वस्तुस्थिती खरी आहे. तुणतुण्याला एकच तार असते आणि तिच्यातून एकच सूर निघतो. पण हा त्याचा दोष नव्हे, ते त्याचे काम आहे. शाहीर वर चढो की खाली उतरो, ढोलकी कितीही घुमो, मूळ षड्ज कुठे आहे हे कोणीतरी सतत सांगत राहावे लागते. बैठकीत हे काम तंबोरा करतो, फडात तुणतुणे.

वाद्याची रचना सोपी आहे. वीतभर किंवा थोडे अधिक उंचीचे पोकळ लाकडी नळकांडे, त्याचे वरचे तोंड उघडे, खालचे तोंड बकऱ्याच्या पातळ कातड्याने मढवलेले. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला खिळ्यांनी एक दांडी ठोकलेली असते, तिच्या वरच्या टोकाला खुंटी. पोलादी तार खुंटीपासून निघते, उघड्या तोंडातून आत शिरते आणि कातड्याच्या मध्यभागी गाठवलेली असते. गाठीने कातडे फाटू नये म्हणून तिथे चामड्याची चकती किंवा तसलेच काहीतरी बसवतात. तंबोऱ्यासारखी घोडी नाही, पडदे नाहीत, भोपळा नाही. काखेत धरावे आणि बोटाने किंवा लाकडाच्या लहान तुकड्याने तार छेडावी.

गोंधळाच्या विधीत संबळाच्या जोडीला तुणतुणे असते. पोवाड्यात आणि तमाशातही ते मागे उभे असते. तुणतुणेवाला बहुधा झीलही धरतो, म्हणजे शाहिराच्या ओळीचे शेपूट उचलून ‘जी जी’ करत लांबवतो. वाद्य आणि गळा या दोन्हींनी सूर धरून ठेवणारा हा माणूस जाहिरातीत क्वचितच दिसतो.

पोवाड्यांच्या शब्दांचे नशीब त्या मानाने बरे. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला. हे ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते, तेव्हा दादर-परळच्या वाचकांना नाव परके वाटणार नाही. या संग्रहामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना साधन मिळाले. परंतु पोवाडा हा वाचायचा नसून गायचा प्रकार आहे. शब्द ग्रंथालयात गेले. ते ज्या सुरावर उभे होते तो सूर आणि तो देणारे वाद्य बाहेरच राहिले. त्या काळाच्या संग्राहकांची दृष्टी तशीच होती, त्यांना वेगळा दोष देण्यात अर्थ नाही.

मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली सुरू केला. पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या, आणि घाटावरून व कोकणातून आलेल्या कामगारांनी आपापली गाणी बरोबर आणली. चाळीतली खोली दहा-बारा जणांत वाटून घेणाऱ्या माणसाला भोपळ्याचा तंबोरा परवडला नसता, आणि ठेवायला जागाही नव्हती. खुंटीला टांगता येईल एवढेच वाद्य तिथे टिकले. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशे होत, मैदानात आणि गिरणीच्या दारात शाहीर उभे राहत. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६० या वर्षांत, शाहिरीने सभा कशा भारून टाकल्या हे जुन्या मंडळींना आठवत असेल. या परंपरेत पुढे डफ घेतलेला शाहीर, मागे ढोलकी, तुणतुणे आणि झीलकरी अशी मांडणी ठरून गेली होती.

याच मुंबईत १९०८ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि मध्यमवर्गीय घरांत तंबोऱ्याला प्रतिष्ठा मिळाली. तंबोऱ्याकडे भौतिकीचे लक्षही गेले. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा तंबोरा व वीणा यांवरचा १९२१ सालचा लेख प्रसिद्ध आहे. मात्र त्याच रामननी त्याआधी बारा वर्षे, १९०९ मध्ये, भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकात एकतारीवर लिहिले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. तेव्हा ते सरकारी वित्त खात्यात अधिकारी होते. विशीतल्या तरुण वैज्ञानिकाला रस्त्यावरच्या भजनी भिकाऱ्याचे वाद्य अभ्यासाच्या योग्यतेचे वाटले, ही गोष्ट मला त्यांच्या पुढच्या मानसन्मानांइतकीच मोलाची वाटते.

यात अभ्यासण्यासारखे काय आहे? तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते. तार वरखाली हलली की घोडी आणि तबली तेवढ्याच वेळा हलतात. तुणतुण्यात तार कातड्याला काटकोनात, थेट त्याच्या मध्यातून निघते. तार डावीकडे-उजवीकडे हलते. कातड्याला मात्र आवाज द्यायचा तर खाली-वर हलावे लागते. मग तारेची हालचाल कातड्यापर्यंत पोचते कशी?

तार मधल्या स्थितीत असताना सरळ, म्हणजे सर्वांत आखूड असते. डावीकडे गेली की किंचित ताणली जाते, मध्यावर येताना सैल होते, उजवीकडे गेली की पुन्हा ताणली जाते. म्हणजे एका पूर्ण आंदोलनात ताण दोनदा वाढतो आणि कातडे दोनदा ओढले जाते. तारेची वारंवारता २७७ असेल तर या मार्गाने कातडे सेकंदाला ५५४ वेळा हलेल. कानाला ऐकू येतो तो वरच्या सप्तकातला तोच सूर! मूळ सूरही ऐकू येतो, कारण खुंटी आणि दांडी यांच्यामार्फत तारेची साधी हालचाल नळकांड्यात उतरत असते. एका तारेतून षड्ज आणि तार षड्ज असे दोन्ही मिळतात. जर्मन भौतिकीतज्ज्ञ मेल्डे याने १८५९ च्या सुमारास केलेला दोऱ्याचा प्रयोग महाविद्यालयात सर्वांनी केलेला असतो. त्यात ताण बदलून दोरा हलवतात, इथे दोरा हलून ताण बदलतो.

ही ताणवाढ किती सूक्ष्म असते तेही पाहू. तार ६० सेंटिमीटर लांब आणि तिचा आयाम मध्यावर ३ मिलिमीटर धरला, तर तिची लांबी वाढते सुमारे ०.०४ मिलिमीटर. शिवाय ही वाढ आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आयाम निम्मा झाला की वाढ पाव होते. म्हणून तुणतुण्याचा आवाज छेडताक्षणी टणकन उठतो आणि लगेच ओसरतो. तंबोऱ्यासारखा रेंगाळत नाही. वाजवणारा सारखा छेडत राहतो त्याचे कारण हे. ‘तुण तुण’ हे नावही त्यातूनच पडले असणार.

आता सूर लावण्याकडे वळू. समजा तार ०.३ मिलिमीटर जाडीची आणि ६० सेंटिमीटर लांबीची आहे आणि ती पेटीच्या काळी एकला, म्हणजे २७७ ला लावायची आहे. गणित केले तर तारेत सुमारे सहा किलोग्रॅम वजनाइतका ताण लागतो. हा सारा भार त्या पातळ कातड्याच्या एका बिंदूवर! एवढ्या ताणाने तार मुळात जेमतेम अडीच मिलिमीटर लांबलेली असते. म्हणजे कातडे अर्धा मिलिमीटर जरी सैलावले तरी ताण जवळजवळ एक पंचमांशाने घटतो आणि सूर दहा टक्क्यांनी, म्हणजे जवळपास दोन पट्ट्या खाली येतो. मुंबईच्या पावसाळ्यात कातडे हवेतला ओलावा पिते आणि नेमके हेच होते. हलगीवाला हलगी शेकतो ती याच कारणाने. तुणतुणे मात्र जपून शेकावे, कारण तार ताणलेली असताना कातडे वाळून आक्रसले तर ताण वाढतो आणि गाठीपाशी फाटते. आधी खुंटी उतरवावी, मग ऊब द्यावी, मग पुन्हा सूर चढवावा. बंगालच्या गोपीयंत्रात तारेच्या दोन्ही बाजूंच्या बांबूच्या पट्ट्या दाबून सूर हवा तसा वरखाली नेतात. तिथे वाजवणारा जे मुद्दाम करतो तेच आपल्याकडे पाऊस न विचारता करतो.

सूर नेहमी खालून वर चढवत आणावा, आणि खुंटी पिळताना आत दाबत राहावी. वरून उतरवत आणलेली खुंटी थोड्या वेळाने आणखी सुटते. खुंटी घसरत असेल तर तिला फळ्यावरचा खडू चोळावा, तो शिक्षकाजवळ असतोच.

शाळेसाठी वाद्य घ्यायचे झाल्यास प्रथम दांडी पाहावी. ती सरळ आणि ताठ हवी. हाताने दाबून लवत असेल तर सूर कधीच ठरणार नाही, कारण वरचा अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब दांडीलाही लागू आहे. नळकांड्याला उभी चीर नसावी. कातडे उजेडात धरून पाहावे. सगळीकडे सारखे पातळ दिसले तर उत्तम. रंग आणि गोंडे पाहून वाद्य निवडू नये. वाजवून झाल्यावर खुंटी थोडी उतरवून ठेवावी, नाहीतर कातड्याला कायमचा पोक येतो. तार कोरड्या फडक्याने पुसावी. गंज चढलेली तार सर्वत्र सारख्या जाडीची राहत नाही आणि बेसूर बोलते. ओल आलेल्या भिंतीला वाद्य टांगू नये.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव हळूहळू विस्कटले, आणि तिथले फड व कलापथकेही. सूर धरायला आता विजेवर चालणारा तंबोरा मिळतो, तो पावसाळ्यात उतरत नाही. सोय म्हणून तो उत्तमच आहे. पण त्याच्या पेटीकडे पाहून आवाज कुठून येतो हे सातवीतल्या मुलाला कळणार नाही. तुणतुण्यात सगळे उघडे असते.

वाद्य मिळाले नाही तरी वर्गात काम भागते. कॉफीचा किंवा दूध पावडरीचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. तळाच्या मधोमध खिळ्याने भोक पाडा आणि त्यातून मासेमारीची नायलॉनची जाड दोरी ओवून बाहेरच्या बाजूने सदऱ्याच्या गुंडीला बांधा. दोन बाकांच्या फटीवर डबा उपडा ठेवा, म्हणजे दोरी उघड्या तोंडातून खाली लोंबेल. तिला साठ सेंटिमीटरवर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टांगा आणि दोरी छेडा. मग चार बाटल्या टांगून छेडा. ताण चौपट झाला की वारंवारता दुप्पट होते, हा मर्सेनने १६३६ साली मांडलेला नियम मुलांना कानाने ओळखता येईल. कुणी पेटी वाजवणारा असेल तर तो लगेच ‘वरचा सा’ म्हणेल. आवाजाचा वर्णपट दाखवणारे साधन मोबाइलवर असल्यास एकाच छेडीत मूळ वारंवारता आणि तिची दुप्पट या दोन्ही रेषा शोधायला सांगा. डब्याखाली पाय ठेवू नका, आणि बाटल्या वाढवल्यावर दोरीची लांबी पुन्हा मोजा, कारण नायलॉन वजनाने थोडे लांबते.